सुकतीचा मुलूख : प्रस्तावना

कोकणपट्टीवरील एखाद्या खाडीकाठच्या गावाचा नकाशा महसुलाच्या दफ्तरातून काढून पाहिला, तर त्यात शेतांचे सर्व्हे नंबर आढळतील, गावठाणाची हद्द आढळेल, मिठागरांची आणि खारबंदिस्तीची नोंदही बहुधा सापडेल. परंतु जेथे बांध संपतो आणि तिवरांची झाडी विरळ होत जाते, तेथून पुढे पाण्यापर्यंत जो एक विस्तीर्ण, काळसर, ओलेपणाने चकाकणारा प्रदेश दिवसातून दोनदा उघडा पडतो आणि दोनदा झाकला जातो, त्याच्यावर मोजणीदाराची साखळी सहसा फिरलेली नसते. जमीन म्हणावी तर तेथे नांगर चालत नाही, पाणी म्हणावे तर होडी रुतते. त्यामुळे सरकारच्या लेखी तो पडीक आणि शहरी माणसाच्या लेखी नुसता चिखल ठरतो. या मुलखाचे खरे वहिवाटदार दोघेच. एक, ओहोटीचे, म्हणजे सुकतीचे, पाणी हटताच पाटी आणि कोयती घेऊन कालवे, तिसऱ्या नि शिवल्या काढावयास उतरणाऱ्या कोळणी. आणि दुसरे, आश्विनाच्या आगेमागे हजारोंच्या संख्येने येऊन वैशाखापर्यंत मुक्काम ठोकणारे लांब पायांचे, करड्या रंगाचे, पोहण्याच्या फंदात फारसे न पडता पाण्याच्या कडेकडेने चालत पोट भरणारे पक्षी. चिखल्या, तुतवार, टिलवे, पाणटिवळे, कोरल, शेकाटे, उचाटे ही त्यांतील काही घराणी. प्रस्तुत पुस्तक या दुसऱ्या वहिवाटदारांविषयी आहे, आणि त्यांच्याकडे पाहावे कसे, कोठून आणि मुख्यतः केव्हा, याची थोडी पूर्वतयारी वाचकाकडून करून घेणे एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

'केव्हा' हा प्रश्न आधी घ्यावयाचे कारण असे की, रानातील पक्षी पाहणाऱ्याला पहाटे उठण्याची सवय पुरते, चिखलावरील पक्षी पाहणाऱ्याला मात्र पंचांग लागते. या पक्ष्यांचा दिवस सूर्य उगवल्याने सुरू होत नाही. पाणी ओसरू लागले की तो सुरू होतो, मग ती वेळ भर दुपारची असो वा मध्यरात्रीची, आणि पाणी चढून शेवटचा चिखल झाकला गेला की तो मिटतो. म्हणजे त्यांच्या एका अहोरात्रात दोन दिवस आणि दोन रात्री असतात, आणि त्यांचा आपल्या उजेड-अंधाराशी संबंध बेताचाच असतो. कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक ठोकताळा आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या वाजता, दिवसाही आणि रात्रीही, भरती पूर्ण होते. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, द्वादशीस नऊ वाजता. आणि त्याच्या सुमारे सहा तास पुढेमागे ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, तेव्हा दर तिथीस पाऊण तासाचा हा हिशेब निसर्गाच्या बराच जवळ जातो. अर्थात हा ठोकताळाच. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास तो अर्धापाऊण तास चुकतो, खाडीच्या मुखापासून जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा पोहोचते, आणि ज्याला काटेकोर वेळ हवी त्याने बंदरासाठी छापलेली कोष्टके पाहावीत हे उत्तम. तरीही ज्याच्या डोक्यात तिथी आणि पाणी यांची सांगड एकदा बसली, त्याला कोष्टक न उघडताही आज दलदलीवर जाण्यात अर्थ आहे की नाही हे कळते, आणि माझ्या मते पक्ष्यांची नावे पाठ करण्याच्या कितीतरी आधी ही सांगड बसली पाहिजे.

या सांगडीचा एक परिणाम नवख्याच्या ध्यानात येत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत दूरही जाते. अष्टमीच्या भांगाला ते चढतेही थोडे आणि हटतेही थोडे. आता मुंबईच्या परिसरात उधाणाची पूर्ण भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येत असल्याने तिची पूर्ण ओहोटी नेहमीच सकाळ-संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास पडणार, आणि भर दुपारी जी दलदल उघडी पडते ती नेहमीच भांगाची, म्हणजे आखूड असणार. खाडीकाठच्या कोळणीला हे कोणी शिकवावे लागत नाही. आज भांग आहे, पाणी लांब जायचे नाही, असे म्हणून ती पाटी घरी ठेवते. एका बाईने मला हे सांगितले तेव्हा मी खांद्यावर दुर्बीण आणि तिपाई लटकावून तिच्याच अंगणावरून चाललो होतो, आणि 'मावशी, पक्षी बघायला चाललोय' या माझ्या खुलाशावर तिने 'मग चतुर्दशीला या' एवढेच उत्तर दिले होते.

भरतीचा हा आवाका सगळ्या किनाऱ्यावर सारखा नाही, आणि चिखलाचा विस्तारही त्यामुळेच सारखा नाही. खंबायतच्या आखातात भावनगरजवळ उधाणाचे पाणी दहा मीटरांहून अधिक चढते-उतरते. मुंबईस ते चार ते पाच मीटरांवर येते. आणि दक्षिणेकडे सरकत गोव्यास पोहोचेपर्यंत ते दोन मीटरांच्या आसपास उरते. शिवाय चिखल म्हणजे तरी काय? सह्याद्रीचा काळा कातळ झिजून जो गाळ होतो तो उल्हास, पाताळगंगा, अंबा, कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी या नद्या खाली आणतात, आणि जेथे खाडीचे पाणी शांत आणि खारे असते तेथे त्याचे बारीक कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. म्हणून ठाण्याची खाडी, उरण-पनवेलचा परिसर आणि धरमतरची खाडी येथे कोसभर पसरलेले चिखलपट्टे आढळतात, तर रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे खाड्या कातळात अडकल्याने आणि पाण्याचा चढउतार कमी झाल्याने ते अरुंद होत जातात. अलिबागजवळच्या आक्षीसारख्या ठिकाणी पुळणीची वाळू आणि खाडीचा चिखल शेजारीशेजारी सापडतात, आणि तेथे पक्ष्यांची भेसळही तशीच दुहेरी असते. गोव्यात मांडवी-जुवारीच्या काठची खाजने, त्यांचे बांध आणि पाणी आतबाहेर सोडणाऱ्या मानशी यांनी भरतीच्या पाण्याला माणसाने घातलेली एक शहाणी मर्यादा पाहावयास मिळते. तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ व्हावा, येथे उल्लेखावरच थांबतो.

चिखल दिसतो मृत, पण तो मृत नसतो. पाणी हटल्यावर काही मिनिटांतच त्याच्यावर बारीक भोके उमटू लागतात. त्यांतून एकच नांगी भली मोठी असलेले नर खेकडे बाहेर येऊन ती नांगी वरखाली हालवीत मादीला बोलावू लागतात. निवट्या परांच्या आधारे सरपटत एकमेकांच्या हद्दी तपासतात. आणि या सर्वांच्या खाली, डोळ्यांना न दिसणारी, गांडुळांच्या सागरी भाऊबंदांची, इवल्या शिंपल्यांची आणि कोळंबीच्या जातीच्या सूक्ष्म जीवांची वस्ती असते. पृष्ठभागावर एकपेशीय शैवालांचा आणि जिवाणूंचा जो बुळबुळीत थर चढतो, तोही काही लहान पक्षी चाटून खातात, असे या शतकातील निरीक्षणांवरून सिद्ध झाले आहे. हे अन्न सुपीक शेतापेक्षाही दाट असते. फक्त ते वेगवेगळ्या खोलींवर पुरलेले असते, आणि त्या खोलीप्रमाणे चोची घडल्या आहेत. एकाच वाड्यातील बिऱ्हाडांनी एकाच आडाचे पाणी आपापल्या लांबीच्या दोरांनी शेंदावे, तसे हे पक्षी एकाच चिखलातून, एकमेकांच्या पायांत न येता, आपापला वाटा काढून घेतात. पंचवीसेक ग्रॅम वजनाचा छोटा टिलवा वरच्या थरातील किडे टिपतो, पाणटिवळा आपली लांब सरळ चोच डोळ्यांपर्यंत रुतवतो, उचाट्या वर वळलेली नाजूक चोच उथळ पाण्यात डावी-उजवीकडे फिरवीत चालतो, आणि पंधरा सेंटिमीटरांपर्यंत लांब, खाली वाकलेली चोच घेऊन कोरल थेट खेकड्याच्या बिळात उतरतो.

यांत दोन घराण्यांचा फरक ज्याला चालीवरून ओळखता आला, त्याचे निम्मे काम झाले. चिखल्या डोळ्यांनी शिकार करतो. मोठे डोळे, आखूड चोच. चार पावले झपाट्याने धावावयाचे, एकाएकी थबकावयाचे, मान किंचित कलती करून पाहावयाचे आणि मग टिपावयाचे, की पुन्हा धाव. काही चिखल्या तर उभ्या जागी एक पाय थरथरवून चिखलातील जीव हालावयास लावतात. तुतवार, टिलवे आणि पाणटिवळे मात्र बहुतांशी स्पर्शाने शोधतात. त्यांची मान खाली असते, चाल अखंड असते आणि चोच शिवत गेल्यासारखी टाक्यावर टाका घालीत जाते. त्यांच्या चोचीच्या टोकाशी स्पर्शेंद्रियांची दाट गर्दी असते, आणि वरच्या चोचीचे टोक चिखलाच्या आतच किंचित वर उचलता येते, त्यामुळे सबंध चोच न उघडताही भक्ष्य पकडता येते. डच शास्त्रज्ञ थ्यूनिस पीर्स्मा आणि त्यांचे सहकारी यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसून आले की, या वर्गातील एक पक्षी ओल्या वाळूत पुरलेली टणक वस्तू, तिला चोच न लागताही, केवळ वाळूतील पाण्याच्या दाबात पडणाऱ्या फरकावरून ओळखतो. मग ती वस्तू शिंपला असो की प्रयोगासाठी पुरलेला दगड. स्पर्शाने चालणाऱ्यांना अंधाराची अडचण नाही हे ओघानेच आले, आणि मोठ्या डोळ्यांच्या चिखल्यांनाही ती फारशी नसते. रात्रीच्या ओहोटीलाही खाडीवर तेवढीच वर्दळ असते. आपण ती पाहत नाही, इतकेच.

कोरलाच्या जेवणाचे एकच दृश्य येथे विस्ताराने देतो, कारण दुर्बीण एका पक्ष्यावर खिळवून ठेवण्याचा संयम ज्याच्याजवळ आहे त्याला पट्ट्यावर काय दिसते ते त्यावरून कळेल. पक्षी संथ चालत येतो, एका भोकापाशी थांबतो, मान एका बाजूस कलती करतो आणि चोच हळूहळू आत सारू लागतो. मान पिळवटते, चोचीची वाक बिळाच्या वाकेला मिळती होईपर्यंत डोके कधी डावीकडे तर कधी उजवीकडे वळते, आणि सबंध चोच मुळापर्यंत दिसेनाशी होते. क्षणभर काहीच घडत नाही. मग तो झटक्याने मागे सरतो आणि एका पायाने लोंबकळणारा खेकडा उजेडात येतो. कोरल त्याला त्या पायाने धरूनच जोरात हिसडे देतो, धड सुटून खाली पडते आणि पाय चोचीत राहतो. पाय टाकून तो धड उचलतो, दुसरा पाय धरून पुन्हा हिसडे. असे करीत नांग्यांसकट सगळे अवयव गळाले की तो ते धड जवळच्या डबक्यापाशी नेऊन पाण्यात बुचकळतो, चिखल गेला की मान वर करून गिळतो, आणि मग सवडीने मागे येऊन टाकलेल्या पायांपैकी बरेसे वाटतील ते वेचून खातो. एवढ्यात एखादा कुरव वा दुसरा कोरल लुबाडावयास टपलेला असतोच. मादीची चोच नराहून लांब असते, तेव्हा दोघांची बिळेही काही अंशी वेगळी पडत असली पाहिजेत.

ओळख पटविण्याचा विषय मात्र कठीण आहे, आणि त्याविषयी वाचकाला खोटा दिलासा देण्यात अर्थ नाही. ज्या महिन्यांत हे पक्षी आपल्याकडे असतात त्या महिन्यांत त्यांतील बहुतेक सर्व वरून करडे आणि खालून पांढरे असतात. विणीचा झगमगीत वेश ते उत्तरेस उतरवून येतात. सलीम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक १९४१ साली निघाले, आणि त्याच्या आधीच्या काही वर्षांत त्यांनी हुमायून अब्दुलाली यांच्यासह मुंबई व साष्टीच्या पक्ष्यांची जी सविस्तर यादी मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या नियतकालिकातून प्रसिद्ध केली, तिच्या काळी हाती असलेली साधने आजच्या मानाने तुटपुंजी होती; तरी त्या पिढीने पक्षी ओळखले ते रंगावरून कमी आणि पायांचा रंग, चोचीचा बाक, उडताना पंखावर दिसणारी पांढरी पट्टी आणि आवाज यांवरून अधिक. तीच रीत आजही खरी. टिलव्याचे पाय काळे की पिवळट, हे पाहिल्याशिवाय त्याचे नाव उच्चारू नये. तांबड्या पायांचा तुतवार हा तर कानांनीच ओळखावयाचा पक्षी; सगळ्या पट्ट्यावर सर्वांआधी घाबरून ओरडत उठणारा तोच, आणि बहिरी ससाणा आल्याची वर्दी बहुधा त्याच्याकडूनच मिळते. ती मिळताच हजारो टिलवे एकदम उठतात, थवा एका दिशेला वळला की पाठी दिसून तो काळपट होतो, दुसरीकडे वळला की पोटे दिसून पांढरा होतो, आणि ससाण्याला त्यातला एक पक्षी वेगळा काढता येत नाही.

येथे रोहित पक्ष्यांविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. १९९० च्या दशकापासून शिवडी आणि ठाण्याच्या खाडीत ते हजारोंनी येऊ लागले, त्यांच्यामुळे २०१५ साली ठाणे खाडीचा काही भाग अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली ती खाडी रामसर करारातील पाणथळ जागांच्या यादीत गेली. हे उपकार मोठेच. पण शिवडीच्या धक्क्यावर सहकुटुंब येणारी मंडळी लांबवरच्या गुलाबी रेषेकडे मोबाइल रोखून उभी असताना त्यांच्या पायांखाली, दगडी भिंतीपासून दहा हातांवर, उत्तर ध्रुवाजवळून आलेले टिलवे चरत असतात आणि त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. रंगीत पाहुण्याचा मान मोठा असतो हे मान्य करूनही, मला हा पंक्तिप्रपंच वाटतो.

कारण प्रवासाच्या बाबतीत या करड्या मंडळींची बरोबरी क्वचितच कोणी करील. मुंबईच्या चिखलावर थंडीत सर्रास दिसणारा, अलीकडे 'तिबेटी' या स्वतंत्र नावाने ओळखला जाऊ लागलेला वाळूतला चिखल्या लडाख आणि तिबेटच्या पठारावर चार हजार मीटरांहून अधिक उंचीवर अंडी घालतो. जो समुद्रसपाटीवर भरतीच्या लाटेपासून पळतो, तोच उन्हाळ्यात बर्फ वितळलेल्या माळावर घरटे राखतो. तांबड्या पायांच्या तुतवाराचीही वीण लडाखात होते, तेव्हा हा प्रवास देशातल्या देशात झाला. बाकदार चोचीचा टिलवा मात्र सैबेरियाच्या अगदी उत्तर टोकाला, तैमिर द्वीपकल्पाच्या परिसरात वाढतो. या टिलव्यांचे परतणे मोठ्या शिस्तीचे : आधी नर निघतात, कारण अंडी घातली गेली की त्यांचे काम संपते, मग पिले वाढवून माद्या, आणि शेवटी, आईबाप निघून गेल्यावर, कोणत्याही वाटाड्याशिवाय त्या वर्षीची पिले, ज्यांनी समुद्र पूर्वी कधी पाहिलेलाही नसतो. या पिलांची संख्या ध्रुवप्रदेशातील लेमिंग नावाच्या, उंदराच्या कुळातील लहान प्राण्यावर अवलंबून असते, हे ऐकून प्रथम नवल वाटते. ज्या वर्षी लेमिंग भरपूर असतात त्या वर्षी कोल्ह्यांचे पोट त्यांवर भरते. ज्या वर्षी ते रोडावतात त्या वर्षी कोल्हे घरट्यांकडे वळतात, आणि हजारो मैल दक्षिणेच्या किनाऱ्यांवर त्या हिवाळ्यात नव्या पिसाऱ्याचे पक्षी विरळ दिसतात.

लांब पल्ल्याचे सर्वांत थक्क करणारे उदाहरण आपल्या मार्गावरचे नाही, तरी ते सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. शेपटीवर पट्टे असलेल्या पाणटिवळ्याची 'ई ७' या खुणेने ओळखली जाणारी एक मादी २००७ साली अलास्काहून निघून, वाटेत कोठेही न उतरता, आठ दिवसांत सुमारे ११,६८० किलोमीटर अंतर तोडून न्यूझीलंडला पोहोचली. तिच्या शरीरात बसवलेल्या यंत्राने उपग्रहामार्फत हा प्रवास नोंदवला. २०२२ साली याच जातीच्या एका पाच महिन्यांच्या पक्ष्याने अलास्का ते टास्मानिया हे सुमारे १३,५६० किलोमीटर अंतर अकरा दिवसांत एका दमात पार केले. निघण्यापूर्वी ते अंगावर प्रचंड चरबी चढवतात आणि पोटातील जठर-आतड्यांसारखे अवयव, जे उडताना नुसते ओझे, ते आकसून घेतात. याच जातीचे, पण सैबेरियात वीण करणारे पक्षी जामनगरपासून मुंबईपर्यंतच्या किनाऱ्यावर हिवाळ्यास येतात आणि मध्य आशियावरून जाणाऱ्या मार्गाने परततात. त्यांचीही अशीच तयारी आपल्या चिखलावर चालते. एप्रिलमध्ये, जेव्हा बहुतेक हौशी मंडळींनी दुर्बिणी गुंडाळून ठेवलेल्या असतात, तेव्हा पट्ट्यावर गेले तर बाकचोच्या टिलव्यांची पोटे विटकरी होत असलेली, पाणटिवळ्यांच्या माना तांबूस झालेल्या आणि वाळूतल्या चिखल्यांच्या छातीवर केशरी पट्टा चढलेला दिसतो. सगळे हपापल्यागत खात असतात, आणि एखाद्या संध्याकाळी उठलेला थवा परत उतरत नाही.

ओहोटीविषयी इतके लिहिल्यावर भरतीविषयी न लिहिणे हा अपुरा हिशेब होईल. आणि या पक्ष्यांच्या संकटाचे मूळ पुष्कळदा भरतीच्या वेळीच सापडते. चिखल झाकला गेला की त्यांना पाच-सहा तास कोठेतरी कोरड्या, उघड्या, चारी बाजूंनी शत्रू दिसेल अशा जागी उभे राहावे लागते. तिवरांच्या गर्दीत ते बसत नाहीत. त्यांना मिठागरांचे बांध, उथळ तळी, ओसाड पुळण लागते. भांडुप-मुलुंडची मिठागरे, नवी मुंबई आणि उरणच्या बाजूची तळी ही या खाडीच्या पक्ष्यांची विश्रांतीची ठिकाणे होत, आणि ती भराव घालून बुजवली तर चिखलाचा एक इंच न गमावताही पक्षी निघून जातील, कारण प्रत्येक भरतीस दूरच्या जागी जाऊन येण्यात जी शक्ती खर्च होते ती चरण्यातून भरून निघत नाही. कांदळवने वाचली पाहिजेत हे आता न्यायालयांपासून शाळांपर्यंत सर्वांना पटले आहे. परंतु झाड नसलेली, हिरवी नसलेली जागाही वाचवण्यासारखी असते, हे पटवणे अद्याप जड जाते. किनारा नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेने जिवंत चिखलपट्ट्यांना सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात घातले, हे खरे. मात्र त्यांच्या शेजारची मिठागरे त्यांच्याशी एकाच हिशेबाने जोडलेली आहेत, हे कागदावर क्वचितच दिसते.

मुंबईकराने या बाबतीत कोणाला उपदेश करावा अशी स्थिती नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळीजवळच्या खिंडीवर हॉर्नबी वेलार्ड हा बांध पडेपर्यंत भरतीचे पाणी भायखळा-कामाठीपुऱ्याच्या सखल भागात शिरत असे. पुढे दोन्ही किनाऱ्यांवर भराव पडत गेले, बंदराच्या गोद्या आल्या, आणि ज्या शहरात आपण हक्काने राहतो त्याचा मोठा हिस्सा एके काळी सुकतीचा मुलूखच होता. पण भरावाचा परिणाम किती दूर पोहोचतो, हे त्या काळी कोणास मोजता येत नव्हते; आज येते. दक्षिण कोरियात सेमांगम येथे सुमारे ३३ किलोमीटर लांबीचा सागरी बांध २००६ साली पुरा झाला आणि पीत समुद्रावरील एक विशाल चिखलपट्टा पाण्यापासून तुटला. तेथे उतरून दम घेणारे हजारो पक्षी शेजारच्या खाड्यांत गेले नाहीत, ते ऑस्ट्रेलियातील हिवाळी किनाऱ्यांवरच्या गणनेतूनही कमी झाले. २०२४ च्या ऑक्टोबरात जागतिक निसर्ग संवर्धन संघाने या वर्गातील अनेक जातींची नावे धोक्याच्या वरच्या पायरीवर नेली; त्यांत आपल्या खाड्यांतून नित्य दिसणारा बाकचोच्या टिलवा आहे आणि करडा चिखल्याही आहे. त्याच वर्षाच्या जानेवारीत शिवडीहून निघणारा समुद्रावरील पूल वाहतुकीस खुला झाला. त्याच्या खालचे पक्षी येत्या दशकांत काय करतात, याची नोंद कोणीतरी ओहोटीमागून ओहोटीला तेथे उभे राहून ठेवली पाहिजे, आणि या पुस्तकाच्या वाचकांतून असे पाच-दहा नोंदकरी निघाले तर लेखकाचा कागद फुकट गेला नाही असे मी समजेन.

आता थोडे व्यवहाराचे. पक्षी पाहण्याची उत्तम वेळ पूर्ण ओहोटीची, ही समजूत सोडून द्यावी. त्या वेळी पाणी आणि त्याच्याबरोबर पक्षी मैलभर दूर गेलेले असतात. पूर्ण भरतीनंतर दोन तासांनी पहिला चिखल उघडा पडतो तेव्हा, अथवा चढते पाणी त्यांना काठाकडे ढकलीत आणते तेव्हा, पूर्ण भरतीच्या दोन-तीन तास आधी, किनाऱ्यावर हजर असावे. शिवडीचा धक्का पूर्वाभिमुख आहे, म्हणून तेथे सकाळी डोळ्यांत ऊन येते आणि दुपारनंतर ते पाठीशी असते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास दोन वाजता गेले तर उतरते पाणी आणि अनुकूल उजेड दोन्ही साधतात. आक्षीसारख्या पश्चिमाभिमुख पुळणीवर याच्या उलट, सकाळी जावे. ऐरोलीस वनखात्याच्या कांदळवन विभागाचे केंद्र आहे, तेथून खाडीत नावा सुटतात, परंतु त्यांच्याही वेळा पाण्याने ठरतात, आपल्या रविवारच्या सुटीने नव्हे. आठपट किंवा दहापट मोठे दाखवणारी दुर्बीण पुरे. तिपाईवरची एकनळी दुर्बीण एखाद्या जाणत्याजवळ असेल, तर त्याच्या शेजारी उभे राहण्याचा संकोच करू नये. चिखलात उतरू नये; तो गुडघ्यापर्यंत वाटतो आणि कमरेपर्यंत निघतो, आणि चढते पाणी पाठीमागच्या ओहळातून आधी येते. भरतीच्या वेळी बांधावर दाटीने उभा असलेला थवा छायाचित्रासाठी उठवू नये, कारण त्या वेळी त्याला जाण्यास दुसरी जागा नसते. नोंदवहीत तारखेबरोबर तिथी, पाण्याची अवस्था आणि वाऱ्याची दिशा लिहावी. पक्ष्याच्या पायावर रंगीत पताका अथवा कडे दिसले, तर त्याचा रंग, अक्षरे आणि ते डाव्या पायावर की उजव्या, गुडघ्याच्या वर की खाली, हे तेथल्या तेथे टिपून घ्यावे. पुढच्या पहिल्या प्रकरणाची सुरुवात याच पायांपासून केली आहे, कारण चिखलात उभ्या असलेल्या पक्ष्याचे पाय नीट दिसावे यासाठी वाचकाला पुष्कळदा त्याने एक पाऊल उचलेपर्यंत वाट पाहावी लागेल.